चहा फेकला ते साल

लोह्याहून नांदेडला निघालेल्या एसटीत केवळाबाईच्या पुढच्याच सीटवर मायलेकी बसल्या होत्या. लेकीचा बी.ए.चा इतिहासाचा पेपर अकराला होता. माय मांडीवर प्रश्नसंच धरून, ओळीवर बोट ठेवून एकेक प्रश्न विचारत होती.

“अमेरिका स्वतंत्र कवा झाली?”

“सतराशे शहात्तर.”

“अन् ही बोस्टनची चहापार्टी?”

“सतराशे त्र्याहत्तर.”

“येतंय की समदं. मंग आवाज का कापायलाय, राजकन्या? चहापार्टी म्हंजे आपलं चहापाणीच नं?”

“न्हाई गं माय. सरकारनं लोकांना न इचारता चहावर कर लावला. मंग लोकांनी पेट्याच्या पेट्या समुद्रात फेकल्या.”

“अगं बया! एवढा चहा?”

“हाव.”

“बरं, पेपर सुटला की गेटावरच थांब. बाबा घ्यायला येतेत. चारला पाहुणे यायलेत तुला बघायला.”

“आज? परीक्षा होऊ दे म्हणली व्हतीस नं तू?”

“तुझ्या बाबांनी कळवून टाकलं त्यायला. मला तरी कोणी इचारलं?”

“अजून दोन पेपर हायेत, माय.”

“हळू बोल. लोक ऐकायलेत.”

केवळाबाईनं घाईघाईनं खिडकीकडं तोंड फिरवलं.

“भिऊ नको. खाली बघायचं, ट्रे पुढं धरायचा, चहा द्यायचा. बस.”

“सांडला तर?”

“न्हाई सांडत.”

“अन् फेकला तर?”

मायचं बोट ओळीवरच थांबलं. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली,

“ते साल पुन्हा सांग बरं.”