कवळी

एंडोस्कोपीच्या खोलीबाहेर एक तरुण आई बाळाला थोपटत बसली होती. शेजारच्या बाकावर एक आजी-आजोबा होते.

"आजी, नळी तोंडातून घालणार. कवळी काढून या डबीत ठेवा," नर्स म्हणाली.

"आधी ह्यांना जिन्यापाशी पाठवा."

"अगं, मी काय परका आहे?"

"सात वर्षांत तुमच्यासमोर काढली नाही, ती आज काढू?"

"आजी, नाहीतर पुढची तारीख पंधरा दिवसांनी मिळेल."

"मग पंधरा दिवसांनी येऊ."

"महिनाभर घास गिळता येत नाहीये तुला. आणखी पंधरा दिवस मी नुसता बघत बसू?"

"माझं बोळकं बघून हसाल तुम्ही."

"बरं, हा घे माझा चष्मा. आता तू कुठली नि खांब कुठला, तेही कळत नाहीये मला."

"खरंच दिसत नाही?"

"समोर काहीतरी निळं आहे. तूच असशील तर बरं."

शेजारच्या तरुण आईनंही नजर बाळाकडे वळवली. डबीचं झाकण लागल्याचा आवाज आला.

"अहो, येते हं." शब्द जरा पसरट आले.

"ये. आणि चष्मा तुझ्याकडेच राहू दे. मला घरी न्यायला आता तुलाच यावं लागेल."