पाच अक्षरांचा राखणदार

बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट सांगतो. कोल्हारच्या सलूनमध्ये शाळेचे मास्तर पेपरातलं शब्दकोडं मोठ्याने वाचत होते. "एका पायावर उभा बिनपगारी राखणदार. पाच अक्षरं." आणि त्यांनी शाईने 'पहारेकरी' लिहूनही टाकलं.

मी म्हणालो, "मास्तर, चुकलं. बुजगावणं हाय ते."

"चौथी नापास माणसानं मला शिकवू नये! मी चुकलो तर सगळ्यांना चहा पाजीन."

आठवड्याने उत्तर छापून आलं. बुजगावणंच. सलूनमध्ये हसून हसून अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक खुर्चीतून घसरलं. मास्तरांनी गुमान चहा सांगितला आणि मला विचारलं, "पण तुम्हाला सुचलं कसं?"

"रोज बघतो की. त्याला तुमचा जुना कोट घातल्यापासून माझ्या ज्वारीत एक पाखरू फिरकलं न्हाई."