बोधचिन्हातला ऊस

हसाल तुम्ही, पण माझं पहिलं बोधचिन्ह मी ब्लेडनं पूर्ण केलंय. नेवाशाकडं नवा साखर कारखाना उभा राहत होता, त्यांच्यासाठी. चक्रात ऊस काढला, वर पांढरा डौलदार तुरा. संचालकांनी कागद हातोहात फिरवला.

चेअरमन म्हणाले, "पेंटर, ऊस कवा बघितलाय का?"

"हो... एसटीतून."

"तुरा आला की ऊस पोकळ पडतो, साखर जाती. हे दारावर लावायचं व्हय?"

सकाळी छपाईचा ब्लॉक करून घ्यायला मला पुण्याला निघायचं होतं, नवं चित्र काढायला वेळ नव्हता. मी ब्लेड काढलं आणि तुरा कागदासकट उडवला.

एक म्हातारे संचालक म्हणाले, "लिहून घ्या, कारखान्याची पहिली तोडनी पेंटरनं केली!"