कानाला हात

(लातूर नवा जिल्हा झाला त्यानंतरचा दुष्काळ. चाकूरकडच्या एका गावातली अंगणवाडी. लेकरं घरी गेलीत. इंदूबाई अंगणवाडी चालवतात, पंचशीला ही भीमा या मुलीची आई.)

इंदूबाई : नाव मी काढलं नाही गं. सहा वर्षं पूर्ण झाली की मूल अंगणवाडीतून शाळेत जातं. भीमाला गेल्या महिन्यात सहा झाली.

पंचशीला : शाळंत काल नेली की कडंवर घेऊन. गुरुजी म्हणले, डोक्यावरनं हात घेऊन पल्याडच्या कानाला लाव. लागला तर सहाची. न्हाई तर आंगणवाडीतच ऱ्हाऊ द्या.

इंदूबाई : तिचा हात खांद्याच्या वर जात नाही, ते दिसलं नाही त्यांना?

पंचशीला : दिसलं की. म्या धरून लावला कानाला. तर म्हणले, पोरीनं लावायचा, तू न्हाई. लेकरं हासली. ही बी हासली, तिला खेळ वाटला.

इंदूबाई : आणि तिच्या वयाची मी दिलेली चिठ्ठी?

पंचशीला : वाचली. म्हणले, वय असंल बी, पण हिला उठवाया-बसवाया कोण? चालती झाली की आण.

इंदूबाई : वीसपर्यंत आकडे येतात तिला. गाणी सगळी पाठ.

पंचशीला : तसंच बसू द्या की इथं, बाई. सरकारची सुकडी नगं तिला खायाला. भाकर बांधून देते.

इंदूबाई : महिनाभर बसवलीच ना? परवा मुख्यसेविका तपासणीला आल्या, लेकरं मोजली, पटापेक्षा एक जास्त भरलं. आता मला लेखी विचारलंय. परत सापडली तर माझी अंगणवाडी जाईल. लाज वाटते हे सांगायला.

पंचशीला : नाव घालताना जन्माची तारीख खरी सांगितली, तिथं चुकलं माझं. शेजारच्या शांतम्मानं वय सालानं कमी सांगितलं. तिचं लेकरू हाय की इथं अजून बसलेलं.

इंदूबाई : खरी सांग, असं मीच म्हटलं होतं तुला.

पंचशीला : सकाळधरनं भिताडाला टेकून हात उचलाया लागलीय. म्हणती, उद्या लागंल, माय. काय सांगू तिला?

इंदूबाई : तू जातेस त्या रोजगार हमीच्या कामावर लेकरं सांभाळायला पाळणा असतो ना?

पंचशीला : तान्ह्यांचा हाय. पाळण्यावरची म्हातारी म्हणती, येवढी थोरली मला उचलत न्हाई. खडी फोडते तिथंच कडंला बसवीन.

इंदूबाई : ऊन फार आहे. झाडाखाली तरी बसव.

पंचशीला : झाड कुठलं तिथं, बाई.