हजेरीतलं एक नाव

काकासाहेब : वहीच तर मागून राह्यलो बाई, तुमची जमीन न्हाई मागत. दोन मिनिटं पाहतो, परत देतो.

पुष्पाबाई : जमिनीचा कागद मागितला असता तर दिला असता. तो कोणालाही मिळतो, तलाठ्याला चहा पाजला की. ही अंगणवाडीतल्या लेकरांची वही आहे. ही नाही मिळत.

काकासाहेब : असं काय मोठं लिव्हलंय त्याच्यात?

पुष्पाबाई : लेकराचं नाव, आईचं नाव, घर कोणत्या गल्लीत, वजन किती, कोणाला काय दुखणं. तुमच्या घरातली दुखणी चावडीवर वाचून घ्याल का? घेत असाल तर सांगा, भोंगा मी मागवते.

काकासाहेब : जीभ लई चालती तुमची. मी धावड्याचा काकासाहेब. भोकरदन तालुक्यात कोणालाबी विचारा, हा माणूस कोण म्हणून.

पुष्पाबाई : कशाला विचारू? तिकडं तुम्हाला ओळखतात म्हणूनच इतक्या लांब यावं लागलं असेल.

काकासाहेब : सकाळपासून तीन अंगणवाड्या पाहून आलो. तिन्ही बायांनी बराबर वह्या उघडल्या. एकीनं तर चहा केला.

पुष्पाबाई : केला असेल. लेकरांच्या खिचडीच्या सरपणावर. बसायला सतरंजीही लेकरांच्याच बुडाखालची काढून दिली असेल. तीन महिने प्रशिक्षण घेतात, बिल्ला लावतात, भाषणं करतात. आणि दारात जीप उभी राहिली की कंबरेतून मोडतात. बाया कसल्या, वाळल्या काड्या!

काकासाहेब : तुम्ही न्हाई मोडत?

पुष्पाबाई : माझा बाप मास्तर होता.

काकासाहेब : ऐका तर. मी माझी नात शोधून राह्यलो. बेबीनंदा नाव. चार वर्षांची हाय. आमची सून, कौसल्या, तिला काखेत मारून निघून गेल्ती, दीड वर्ष झालं. माहेरी गेली न्हाई, कुठंच न्हाई. गेल्या महिन्यात आमच्या पाव्हण्याला तीर्थपुरीच्या बाजारात दिसली. मंग मी इचार केला, रोजानं जाणारी बाई पोरगी दिवसभर ठेवंल कुठं? अंगणवाडीत. डोकं लागतं बाई याला.

पुष्पाबाई : लागतं ना. सून घरात होती तेव्हा हे डोकं कुठल्या खुंटीला टांगलं होतं?

काकासाहेब : संसारात एखादी चापट व्हती. तेवढ्यानं कोणी पोलिसात जातं का?

पुष्पाबाई : मला काय माहीत. या गावात तीन कौसल्या आहेत. एक सत्तरीची, एक पाळण्यात आणि एक परवाच सासरी गेली. यातली तुमची कोणती?

द्वारकाबाई : बाई, खिचडी झाली. उतरवू का? पोरं कलकल करून राह्यली.

पुष्पाबाई : उतरव. आणि या पाहुण्यांना पाणी दे.

काकासाहेब : ही कोण?

पुष्पाबाई : द्वारकाबाई. मदतनीस. चूल, झाडलोट, लेकरं धरणं. तिला काही विचारू नका, तिला अक्षर येत नाही. वहीतलं काही तिला ठाऊक नाही.

काकासाहेब : ते न्हाई. कोणाच्या घरची?

पुष्पाबाई : पाण्याआधी विचारताय? पाणी पंचायतीच्या नळाचं आहे. नळाला अजून कोणी विचारलं नाही, तू कोणाच्या घरचा म्हणून.

काकासाहेब : राहू द्या. तहान न्हाई मला.

पुष्पाबाई : वाटलंच मला. धावड्याहून इथवर धूळ खात आलात, घशाला कोरड पडली असेल. पण गिळाल तर थुंकीच गिळाल.

द्वारकाबाई : बरं झालं. तांब्या एकच हाय, पोरायलाच पुरत न्हाई.

काकासाहेब : पोरं किती हायेत ही?

पुष्पाबाई : बसलीत तेवढी. मोजा.

काकासाहेब : अठरा, एकोणीस... हलून राह्यली सारखी. अन् समद्यांची डोकी भादरलेली कशानं?

द्वारकाबाई : उवा झाल्त्या ना पाव्हणं. एकाची काढली का दुसऱ्याच्या डोक्यात. मंग एका सोमवारी न्हावी बसवला अन् समदीच भादरली.

काकासाहेब : पोरींचीबी?

द्वारकाबाई : उवाला काय कळतं, पोरगं का पोरगी!

काकासाहेब : आमच्या बेबीचे केस कुरळे व्हते. मेंढीवाणी.

पुष्पाबाई : केस नाहीत तर चेहरा पाहा. आजोबा ना तुम्ही? मांडीवर घेतलं असेल, जत्रेत खांद्यावर बसवलं असेल, नाकाचा शेंबूड धोतरानं पुसला असेल. एवढं सगळं केलेल्या माणसाला वही कशाला लागते?

काकासाहेब : आमच्याकडं पोरी आईपाशी असतेत. पण घराण्याचं नाक हाय आमचं. दिसलं का वळखू येतं.

पुष्पाबाई : नाकं इथं पुष्कळ. सगळी वाहतात.

द्वारकाबाई : बाई, जरा इकडं येता का? चूल धुपून राह्यली.

पुष्पाबाई : चूल मी फुंकू? तुझं काम तू कर.

द्वारकाबाई : एकच मिनिट बाई. मागल्या दाराशी या फकस्त.

पुष्पाबाई : द्वारका, दोन माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये. किती वेळा सांगायचं? एवढीशी गोष्ट कळत नाही तुला.

द्वारकाबाई : बरं. मंग ह्या लेकराला तरी मागं नेते. घाण केली त्यानं. चल रे सोन्या, ऊठ रे राजा, मागल्या दारी ऊन कोवळं, धुऊन काढू आंग सोवळं. धर माझी मान. पाव्हणं, पाय जवळ घ्या, वाट द्या.

काकासाहेब : ए, धोतराला लावू नको! जल्दी ने, जल्दी. वास मारून राह्यलं.

द्वारकाबाई : नेलंच समजा.

काकासाहेब : आता बाई, हे कार्ड पाहा. कोणाचं हाय ते वाचा. मागं सहीबी हाय.

पुष्पाबाई : छान आहे. सोनेरी अक्षरं आहेत. यावर लग्नाचा मुहूर्त छापला असता तर आहेर घेऊन आले असते. प्रकल्प कार्यालयाचं पत्र आणा, शिक्क्याचं. आणि ते आणलंत तरी मी तीर्थपुरीला जाऊन एसटीडीवरून साहेबांना विचारीन, खरंच तुम्ही दिलं का म्हणून.

काकासाहेब : आमचं रगत हाय ते.

पुष्पाबाई : मग रक्ताला हाक मारा. येतंय का बघा धावत.

काकासाहेब : तुम्ही शिकलेल्या हात, तुम्हाला उघड सांगतो. पोरीचं मी काय करू? पोरगी घरात आली का आई आपोआप मागं येती. जीपीत वासरू घातलं का गाईला दावं लागत न्हाई. आली का पोलिसातला कागद माघारी घेती, घर होतं तसं व्हतं. सोपं हाय.

पुष्पाबाई : माणूस शरमेनं तरी खालच्या आवाजात बोलतो.

काकासाहेब : शरम कशाची? तुम्हाला तर काहीच म्हाईत न्हाई, तुम्हीच म्हणता. मंग भिंतीशी बोलल्यासारखंच झालं की.

पुष्पाबाई : झालं असेल बोलून तर भिंतीला टेकू नका, ओला चुना आहे. निघा.

काकासाहेब : निघतो. पण पोरीचं वाईट वाटतं. आई बसली असंल कोणाच्या तरी बांधावर, अन् पोरगी उपाशी कुठं तरी उकिरड्यात. अन् तुमच्या ह्या अंगणवाड्या! सुकडी तुम्ही घरच्या म्हशीला घालता.

पुष्पाबाई : काय म्हणालात?

काकासाहेब : समद्या जिल्ह्याला म्हाईत हाय. अन् वजनं घरी बसून लिव्हता. लेकरू इकडं वाळून राह्यलं अन् वहीत चढून राह्यलं. त्याच्यासाठीच वही दाखवीत न्हाईत तुम्ही. मास्तराची लेक म्हणं!

पुष्पाबाई : मी? मी घरी बसून? दर महिन्याला एकेक लेकरू झोळीत घालून काट्याला टांगते मी, या हातांनी! द्वारका ओवी म्हणते, लेकरू हसतं, तेव्हा कुठं काटा थांबतो आणि मी आकडा लिहिते. साडेनऊ किलो होती ती, तुमच्या घरून आली तेव्हा! अडीच वर्षांची पोर, साडेनऊ किलो! बरगड्या मोजून घ्याव्यात. तुमच्या गोठ्यात म्हशी किती हो काकासाहेब? आणि नातीच्या पोटात दूध किती? आज तेरा भरतेय, माझ्या सुकडीवर. उपाशी कोणी मारलं, बोला! आणि आजोबा म्हणवता? अर्धा तास पायाशी बसलीय तुमच्या, आणि ओळखता येईना! घराण्याचं नाक म्हणे!

काकासाहेब : बस बाई.

पुष्पाबाई : काय बस?

काकासाहेब : एवढंच पाहिजे व्हतं. वही राहू द्या. लई सांभाळली तुम्ही वही.

पुष्पाबाई : मी तसं... मी कोणाचं नाव घेतलं नाही.

काकासाहेब : न्हाई घेतलं. मी घेतो. बेबीनंदा! ए बेबे! आबा आलाय, ये इकडं! एकबी मान वर करीना. कोणती हाय, दाखवा आता.

पुष्पाबाई : पुढच्या ओळीत... नाही. इथं नाही.

काकासाहेब : आत्ता म्हणालात, पायाशी.

पुष्पाबाई : आज आलीच नाही ती. मी रागाच्या भरात बोलले.

काकासाहेब : मंग कालबी येत व्हती अन् उद्याबी येणार. माझं काम झालं. पोरं न्यायला आया येतेत ना दुपारी? जीप त्या लिंबाखाली लावतो. नात न्हाई वळखू आली, सून बराबर वळखू येती मला. बसतो तवर.

(काकासाहेब बाहेर जातो. थोड्या वेळानं जीपचं दार आपटल्याचा आवाज.)

पुष्पाबाई : द्वारका! ए द्वारका! कुठं मेलीस?

द्वारकाबाई : हितंच हाय मागं. वरडू नका, लेकरं बिचकतेत.

पुष्पाबाई : बेबीनंदा कुठाय? पुढच्या ओळीत बसली होती ती, सकाळी मीच बसवली.

द्वारकाबाई : मघाच नेली की.

पुष्पाबाई : मघाशी? ते घाण केलेलं लेकरू? तू तर सोन्या म्हणालीस.

द्वारकाबाई : डोकं भादरलेलं, आंगात शेजारच्या पोराची चड्डी. मंग सोन्याच. आजाच्या पायावरून नेली, तर त्यानं नाक धरलं.

पुष्पाबाई : पण तुला कसं कळलं हा माणूस कोण ते? त्यानं नाव सांगितलं तेव्हा तू तर चुलीपाशी होतीस.

द्वारकाबाई : त्यो जीपीतून उतरला तवाच पोरीनं पाहिला. जागच्या जागी मुतली, बाई. रडली न्हाई, हलली न्हाई, नुसती माझ्याकडं पाहून राह्यली. त्यानं न्हाई वळखलं तिला. तिनं त्याला वळखलं.

पुष्पाबाई : अगं, मग मला सांगायचं!

द्वारकाबाई : दोनदा बोलावलं. चूल चांगली पेटलेली व्हती.

पुष्पाबाई : मी वही दिली नाही गं. तू होतीस ना? त्या तिघींनी दिली, मी नाही दिली. जीप आणली, कार्ड आणलं, तरी नाही दिली.

द्वारकाबाई : न्हाई दिली.

पुष्पाबाई : त्यानं सुकडीचं काढलं. वजनाचं काढलं. तूच सांग, मी कधी घरी बसून आकडा लिहिला?

द्वारकाबाई : कधीच न्हाई. तुमचा काटा बराबर असतो. पण कौसल्या आली तवा हात गळ्यात बांधलेला व्हता तिचा. दुसरा हात तुमच्या पायाला लावून म्हणली, बाई, पोरगी हितं हाय हे वाऱ्यालाबी कळू देऊ नका. वजनाचं काही म्हणली नव्हती ती.

पुष्पाबाई : बारा वाजायला आले. ती येईल आता, सरळ त्याच्या पुढ्यात. कोणाला तरी पाठव!

द्वारकाबाई : निरोप गेला. ती येत न्हाई.

पुष्पाबाई : कोणाच्या हाती पाठवलास? आहेत कुठं दोघी?

द्वारकाबाई : हायेत.

पुष्पाबाई : हायेत म्हणजे कुठं? तुमच्या आळीत? तुझ्या बहिणीकडं?

द्वारकाबाई : लेकरायला वाढून घेते बाई. खिचडी निवून राह्यली.

पुष्पाबाई : खिचडी राहू दे. द्वारका, मी या अंगणवाडीची सेविका आहे. काही झालं तर वरून मला विचारतील, तुला नाही.

द्वारकाबाई : मला कोणी इचारीत न्हाई, हे लई बरं हाय.

पुष्पाबाई : मलाही नाही सांगणार? मला?

द्वारकाबाई : सांगितलं असतं बाई. पण त्यो अजून लिंबाखाली बसलाय. अन् तुम्हाला राग लई लवकर येतो.