पिवळं कार्ड

गडचिरोलीच्या एका दवाखान्यात मनसाराम तेवीस नंबरची चिठ्ठी घेऊन बसला होता. पुढच्या बाकावर एक तरुण बाई आणि तिची आई. बाईच्या मांडीवर दीड वर्षाचं पोरगं, हातापायाची बोटं सुजून टम्म झालेली.

“तीन डॉक्टर झाले,” बाई आईला म्हणाली, “कोणाले काई समजून नाई राह्यलं. मागच्या खेपेले ही डॉक्टरीण पुसत होती, शाळेत तुमचं रक्त सिकलसेलसाठी तपासलं होतं काय मनून.”

“तू काय सांगतलं?”

“तपासलं होतं, पण कार्ड भेटलं नाई मनलं.”

“भेटलं होतं. पिवळं. मास्तरनं माह्या हाती देलं. मनले, पिवळ्या कार्डवाल्या पोराले ही पोरगी देऊ नका, लेकरं दुखणाईत होतील.”

“मंग कुठी आहे ते?”

“चुलीत टाकलं. तसं कार्ड पाहून कोण सोयरीक करते वं?”

“अन् ह्या पोराच्या बापाचं कार्ड? ते त पुसाचं होतं, आई.”

“पुसलं असतं, त त्याइनं आपलंबी पुसलं असतं.”

पोरगं कण्हलं. आतून बावीस नंबर दोनदा पुकारला. दोघींतली एकही उठली नाही.

मनसाराम पुढं वाकून हळूच म्हणाला, “बाई, तुमाले बलावून राह्यले.”