नव्या वस्तूचं प्लास्टिक

दातांच्या दवाखान्यात बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं पडत होतं.

“ताई, पोरीनं कॉम्प्युटर स्वतः उघडला म्हणे?”

“नवा प्रोसेसर बसवला. पण चालू केला की तापून बंद. हे म्हणाले, उद्या दुकानात टाकतो, आणि हिनं पुन्हा हात लावायचा नाही.”

शिंपीणबाईंचा नंबर आला. त्यांनी मागच्या बाईंना पुढे जाऊ दिलं.

“मग गं?”

“तिनं रात्रीतच प्रोसेसरवरचा पंखा सोडवला. पंख्याच्या तळाला चिकटवलेलं प्लास्टिक तसंच. उष्णता जाणार कुठून?”

“तुमच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढतंय कोण! सोफ्याचं अजून आहे.”

“असू दे. तिनं ते सोललं, उष्णता ओढणारी पेस्ट लावली. आता गारेगार चालतोय.”

“आणि भाऊजी?”

“येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आम्ही दुरुस्त केला.”

“आम्ही?”

“मध्यरात्री उठून टॉर्च धरला होता ना त्यांनी.”